लंबी शिफ्ट

सेक्टर २, भिलाई
७ जानेवारी १९६४

प्रिय सत्यशीला,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड काल मिळालं. एवढं शिकणारी बाई, आणि कार्डावर ओळी चारच. एम. ए. सोडते आहे, रविवारी दुर्गला उतरते, स्टेशनावर या, गुलाबला सांगू नका. तब्येत कशी, थंडी किती, जेवण मिळतं की नाही, काही पत्ता नाही. तार करावी तसं कार्ड केलंस. मी ते मायला वाचून दाखवलं. उत्तर देतोच, पण माझ्या पद्धतीनं देऊ दे. मी पडलो क्रेनवरचा माणूस. वजन उचललं की आधी जरा अधांतरी धरून बघतो, मगच हलवतो.

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. शेजारच्या वच्छलाबाई भावाकडे नागपूरला गेल्या, तेव्हा वाट वाकडी करून तुझ्या होस्टेलवर आल्या होत्या. बाई मनानं चांगल्या, पण पोटात काही राहत नाही. कारखान्याचा भोंगा झाला की तुमची पोर घराच्या फाटकाशी उभी राहते, असं त्यांनी तुला सांगितलं ना? खोटं नाही ते. जुलैत तू गेलीस तेव्हा गुलाब दोन दिवस जेवली नाही. नागपूर म्हणजे काय हे तिला कळेना. शेवटी मायनं तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "तुही माय शिफ्टले गेली वं. शिफ्ट सुटली का येते." पोरगी झटकन उठली आणि जेवायला बसली. आपल्या क्वार्टरच्या ओळीत सगळ्यांचेच बाप शिफ्टला जातात आणि भोंगा झाला की सायकलवरून परत येतात, तेव्हा तिला ते पटलं. पण मग ती प्रत्येक भोंग्याला फाटकाशी जायला लागली. दुसऱ्यांचे बाप यायचे. मीही यायचो, तर ती माझ्या सायकलच्या मागं बघायची, कॅरियरवर तू आहेस का म्हणून. हे तुला मुद्दामच लिहिलं नव्हतं.

वच्छलाबाईंनी अर्धंच सांगितलं, पुढचं मी सांगतो. दसऱ्याची सुट्टी संपवून तू परत गेलीस, तेव्हा गुलाबनं मायला पकडलं, की सगळ्यांची शिफ्ट सुटते, माझ्याच मायची कशी सुटत नाही? माय म्हणाली, "तिची लंबी शिफ्ट हाय. दोन वर्साची." झालं! आता कार्टी फाटकाशी जाते ती ऐट मिरवायला. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, "माह्या मायची लंबी शिफ्ट हाय, तुमची तं छोटीच." परवा आमच्या फोरमनलाही तिनं हे ऐकवलं. ते मला विचारायला लागले, तुझी बायको आहे तरी कोणत्या मिलमध्ये.

त्यांना सांगताना माझी बोबडी वळली. उपयोजित अर्थशास्त्र म्हणताना मला अजून दम लागतो. मग तू सांगितलं होतंस तेच सांगितलं. कारखाना आला की गावात काय बदलतं, इथल्या कुरुदसारख्या खेड्यातल्या चुलीपर्यंत त्यातलं काय पोचतं आणि काय वाटेतच राहतं, हे घरोघर विचारून ताडून बघायचं शास्त्र. दसऱ्याच्या सुट्टीत तू मायला सोबत घेऊन कुरुदला हिंडलीस ते आठवतं? संध्याकाळी पाय चोळत पायरीवर बसलीस आणि मला विचारलंस, तुमच्या मिलमध्ये बनलेला रेल्वेचा रूळ जातो कुठं, आणि जिथं जातो तिथल्या लोकांचं त्यानं काय होतं? चार वर्षं मी तो रूळ उचलतो आहे, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्या रात्री तुझ्याकडे बघून मला फार अभिमान वाटला. बोललो नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

आणि मागच्या महिन्यातलं तुझं पत्र? संख्याशास्त्राचा पेपर जड जातो, वर्गात सगळी प्राध्यापक-वकिलांची मुलं, मी मागच्या बाकावर एकटी, असं रडगाणं पानभर. पण त्याच पत्रात, कुरुदचा अहवाल सरांनी उभं राहून वाचायला लावला आणि सगळा वर्ग ऐकत राहिला, हे लिहिताना तुझं अक्षर कसं पळत सुटलं होतं! तेव्हा अभ्यासाला कंटाळले वगैरे मला सांगू नकोस.

आता इथली खबर. माझा रिलीव्हर चंपत, त्याचं ये रे माझ्या मागल्या. गेल्या आठवड्यात पुन्हा आला नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन हँडल हातात घेत नाही तोवर खाली उतरायचं नाही, हा आमच्याकडचा नियम तुला माहीतच आहे. दोन पाळ्या सलग काढल्या. माय भाकरी झाकून बसली होती. जेवताना तिनं चंपतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग विचारलं, "तो आलाच नाही, तं तू उतरून कावून नाही आला?" मी म्हटलं, खाली माणसं काम करत असतात, जागा रिकामी टाकून येता येत नाही. ती ताट उचलून धुवायला गेली. पण मायचं तुला माहीत आहे, ऐकलेलं ती जपून ठेवते.

माय तुझ्यावर रागावली आहे, असं तुला वाटतं. तू निघालीस तेव्हा ती स्टेशनावर आली नाही, हे तुझ्या मनात सलतं. अगं, गुलाबला गाडी दिसू नये म्हणून ती तिला घेऊन सुपेल्याच्या बाजारात फिरत बसली होती. कारखाना बांधत होते तेव्हा तिनं इथं डोक्यावर माती वाहिली. आता त्याच मातीवरच्या क्वार्टरमध्ये ती नातीची वेणी घालते, आणि तुझं नाव निघालं की पदर सावरून बसते.

खरं सांगू? तुझं कार्ड वाचून मला आनंद झाला. तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठतं. मी काल लगेच रविवार-सोमवारची सुट्टी टाकली. मायला म्हटलं, ट्रंक घेऊन ती एकटी कशाला येईल, मीच जाऊन घेऊन येतो. माय चुलीपुढून उठली, माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "घरची डूटी मी घेतली हाय ना? मंग इथं तिचं काय काम हाय? अन तिथं तिची जागा घ्याले कोण येऊन राहिलं? आपल्यातली दुसरी कोणी पोरगी हाय त्या वर्गात?" मी म्हटलं, नाही, ती एकटीच आहे. "मंग कशी उतरते थे? रिलीव्हर आल्याबिगर उतराचं नाही, तूच सांगतलं ना मले? लिही तिले." म्हणून हे पत्र. सुट्टी मी रद्द केलेली नाही. रविवारी तू गाडीत बसू नकोस, होस्टेलवरच थांब. मी, माय आणि गुलाब येतो आहोत. मायची लंबी शिफ्ट कुठं चालते ते गुलाबला बघायचं आहे, तिनं तुझ्यासाठी डबा न्यायचं आतापासून ठरवलं आहे. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं परत निघू. येणार तिघं, आणि परत जाणारही तिघंच.

तुझाच,
बळीराम