बाटलीत नसलेला तुकडा

बाबा,

काल नांदेडच्या नव्या डॉक्टरनं जे सांगितलं, ते ऐकायला तुम्ही असता तर टेबलावर हात आपटून म्हणाला असता, "पाहा, मी काय म्हणून राहिलो होतो!" आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला असता. "पण हे पोरगं आपल्याला आत्ताच काहून सांगून राहिलं? ह्याचा काय फायदा?" तुमचं असंच होतं. कळमनुरीच्या बैलबाजारात दलाली करता करता तुमची नजरच तशी झाली होती. दात कानशीनं घासून म्हातारा बैल जवान म्हणून खपवणारी माणसं दर बाजाराला भेटायची. मग कुणी गोड बोललं की तुमच्या भुवया वर.

मी सहावीत होतो. वाळत चाललो होतो, तांब्यावर तांब्या पाणी पीत होतो, आणि एक दिवस शाळेतच पडलो. तुम्ही मला जीपमध्ये घालून नांदेडला नेलंत. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार, जन्मभर सुई. "लेकराला? हा तर शेटलोकांचा आजार हाय," असं म्हणून तुम्ही मला दुसऱ्या डॉक्टरकडं नेलंत. त्यानंही तेच सांगितलं. तुमचा संशय दुप्पट झाला. "दोघं मिळालेले दिसतेत," तुम्ही मला कानात म्हणालात. शेवटी रक्त तपासायला मुंबईला गेलं.

रिपोर्ट आला तो दिवस मला आजही दिसतो. डॉक्टर समजावतायत, तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसलाय, टोपी हातात. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याला एक तुकडा जोडलेला असतो, तो तुटून वेगळा होतो, त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. तो रक्तात सापडला, तर शरीर स्वतःचं इन्सुलिन करतंय असं समजायचं. तुमच्या मुलाच्या रक्तात तो जवळजवळ नाहीच. तुम्ही विचारता, "आन् ह्या बाटलीत हाय का तो?"

"नाही. बाटलीत फक्त इन्सुलिन."

"तुकडा काहून काढला?"

"त्याचा काही उपयोग नसतो हो."

"उपयोगाचा न्हाई तर देवानं जोडला काहून?" डॉक्टर घड्याळाकडं बघतात. तुम्ही सोडत नाही. हे औषध बनतं कशापासून, असं विचारता. तेव्हा ते जनावरांपासून काढत. गाय-बैल किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून, डॉक्टर सांगतात. तुम्ही टोपी घालून उठता. जिन्यात मला म्हणता, "घरी आईला बोलू नको." आणि थोड्या वेळानं, "जनावरात तर तो तुकडा असंलच की."

पुढच्या बाजाराला तुम्ही पळसाच्या पानात काहीतरी बांधून आणलंत. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. खाटकावर विश्वास नाही म्हणून तुम्ही उभं राहून बोकडाचं स्वादुपिंड स्वतः दाखवून काढून घेतलं होतं. जनावराच्या आतलं तुम्हाला सगळं ठाऊक. आईनं भांडं दिलं नाही. तुम्ही गोठ्यामागं तीन दगड मांडले आणि डालड्याच्या डब्यात ते शिजवलं. मला वास सहन होईना, मी रडत होतो. "थांब, आधी मी खातो. जहर-बिहर असंल तर कळंल." जन्मात ज्याला शिवला नव्हता, तो घास तुम्ही डोळे मिटून गिळलात. मग मी गिळला.

हे ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. पोटात गेलं की ते पचून जातं, रक्तात जात नाही, म्हणाले. परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच बोललात, "हसायचं काय काम होतं?" पण त्या दिवशीही संध्याकाळची सुई तुम्हीच दिलीत. संशय संशयाच्या जागी, सुई सुईच्या जागी. त्यामुळंच तर मी जगलो, नाहीतर तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाल्यावर हे लिहायला कोण असतं?

आता हा नवा डॉक्टर म्हणतो की तो टाकाऊ तुकडा अगदीच टाकाऊ नसावा. साखरेनं झिजणाऱ्या नसांना, किडनीला तो सांभाळत असेल असं परदेशात काहींना वाटतंय. थोड्या रोग्यांना देऊन पाहिला, जरा फरक दिसला, पक्कं काही नाही. मी विचारलं, औषध कधी येईल? "सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही." मला पटलं नाही. काल निरुपयोगी होतं ते आज कामाचं कसं झालं? कोण विकणार आहे हे? आणि तुमचं खरं निघालं असंही मी म्हणणार नाही, बाबा. तुम्ही साऱ्या दुनियेवर संशय घ्यायचा. अंधारात मारलेला एखादा दगड लागायचाच.

उठताना त्यानं विचारलं, "पायाला मुंग्या, बधिरपणा?" मी ताडकन नाही म्हणालो. खरं असं आहे की डाव्या पायाची दोन बोटं दिवाळीपासून माझी वाटत नाहीत. बायकोला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. भीती वाटते, बाबा. तुम्हाला सांगतोय, कारण हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही आणि तुम्ही कुणाला बोलणार नाही. एवढं मात्र कबूल करतो: त्या तुकड्याचं औषध उद्या निघालं, तर पहिल्या रांगेत मी उभा असेन, आणि कुणालाही एक प्रश्न विचारणार नाही.