संशयिताला बोलतं करण्याची माझी पद्धत

सोमवार, ३ मार्च
फर्निचरवाल्याच्या खुनाची केस माझ्याकडे आली. संशयित एकच, त्याचा भागीदार. घाबरट आहे, उद्यापर्यंत बोलेल. चौकशीत आज सत्य, न्याय आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी यांवर सविस्तर बोललो. त्याचे डोळे भरून आले. म्हणे जांभई आली होती. खोटारडा!
सकाळी बायको म्हणाली, एकदा शांतपणे बसून बोलायचंय. म्हटलं, केस संपू दे.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाले, अहो, यात आरोपी कोण आहे? सगळं तुम्हीच बोलताय! गुरुवारपर्यंत कबुली आली नाही तर केस 'सायलेन्सर'कडे. म्हणजे आमच्या नव्या इन्स्पेक्टर मॅडम. शब्द खर्च करायला जिवावर येतं त्यांच्या. अशा बाईसमोर खुनी तोंड उघडेल?
संकल्प : उद्यापासून मी गप्प. घरीसुद्धा.

बुधवार, ५ मार्च
बराच वेळ गप्प बसलो. भागीदारानं विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का? इतक्या आपुलकीनं कुणी विचारून किती दिवस झाले! मग मोकळा झालो. बायको तुटक वागते, लेक जेवताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही, सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, पण वहिनींचं नेमकं म्हणणं काय आहे? आठवेना.
संध्याकाळी बायको ओट्याशी उभी राहून काहीतरी सांगत होती. बदली, नवी शाळा, भाड्याचं घर मिळालं वगैरे. तिच्या कुठल्या तरी मैत्रिणीचं असणार. डोक्यात केस होती, तरी मधे मधे 'छान, छान' म्हणालो. घरी संकल्प शंभर टक्के यशस्वी.

गुरुवार, ६ मार्च
भागीदार आपणहून म्हणाला, साहेब, त्या दिवशी गोदामात मी... त्याला तिथंच थांबवलं. घाईची कबुली काय कामाची? आधी मनाची मशागत हवी. पश्चात्तापावर बोललो. पाणी पिऊन पुन्हा बोललो. शेवटी त्यानं हात जोडले आणि वकील मागितला.

शुक्रवार, ७ मार्च
केस सायलेन्सरकडे. वकिलाला बसवलं, भागीदारापुढे चहा सरकवला आणि त्याला म्हणाल्या, काल तुम्ही काहीतरी सांगत होतात. चहा निवायच्या आत कबुली! पायाभरणी अर्थात माझीच. हवालदाराला तसं म्हणालो. त्याला खोकला आला.
ठरवलं, आज लवकर घरी जायचं आणि बायकोचं सगळं ऐकून घ्यायचं.

तोच दिवस, संध्याकाळ
दाराला कुलूप. आत लेकीचं टेबल नाही, कपाट अर्धं रिकामं. फोन केला. न सांगता कशी गेलीस म्हणून आवाज चढवला. ती म्हणाली, कितीदा सांगितलं. परवा तर तुम्ही छान म्हणालात. म्हटलं, आता सांग, ऐकतोय. म्हणाली, आता काही नाही सांगण्यासारखं.
फोन बंद करायला विसरली बहुतेक. लेक विचारत होती, आई, हे खोकं कुठे ठेवू? मग खुर्ची सरकली. नळ सुरू झाला. दोघी कशाला तरी हसल्या, खूप हसल्या.
मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. आवाज झाला असता तर तिच्या लक्षात आलं असतं.