नामाकशिनचा वाद

दुसरा महिना, अकरावा दिवस

झालं! माझं लग्न मोडायला आलंय. आणि कशावरून, तर लाकडी जोड्यांवरून!

बाबा आणि माझे होणारे सासरे मेंगमहाशय अंगणात बोलत बसले होते. विषय काय, तर या जोड्यांना नामाकशिन का म्हणतात. मेंगमहाशय म्हणाले, "नामु म्हणजे लाकूड, शिन म्हणजे जोडा. संपलं!" बाबा भडकले. "इतकं सोपं असतं तर विद्वान कशाला हवेत? त्यात लाकडाचा चिनी शब्द 'मोक' आहे, मोक!" मग एकमेकांचे पूर्वज निघाले. शेवटी दोघे दोन दिशांना खटखटत गेले. ऊन लख्ख पडलंय, चिखलाचा पत्ता नाही, तरी पायांत लाकडी जोडे. आमच्या नामसान डोंगराच्या पायथ्याच्या गरीब विद्वानांत दुसरे आहेत कुणाकडे!

त्यांच्याकडून मुलाच्या जन्मवेळेचा कागद उद्या यायचाय; तो आला की लग्न पक्कं.

बारावा दिवस

आला नाही.

चौदावा दिवस

बाबा मेंगांच्या दारावरून मुद्दाम पाय आपटत जातात. आई म्हणाली, "अहो, पोरीचा तरी विचार करा." तर म्हणे, "सत्यापुढे पोरगी काय!" मी खूप रडले. मेंगांच्या मुलाला, ग्योन-उला, मी एकदाच पाहिलंय, कुंपणावरून. तोंडातून अवाक्षर काढलं नाही त्याने. या घरात वाढलेल्या मुलीला असा अबोल नवरा मिळणं म्हणजे पुण्याईच!

सोळावा दिवस

सरपण संपलं. आईने बाबांचे जोडे चुलीत घातले!

"अगं, केलंस काय हे!"

"शब्द कुठला का असेना, लाकूड छान पेटलं."

आता बाहेर कसे पडणार? गवती जोडे मजुरांचे, आणि अनवाणी जायचं तर अब्रू जाते. पुस्तक उलटं धरून बसलेत. मला हसूही येतंय आणि कीवही.

सतरावा दिवस

मेंगमहाशय धावत आले — नुसत्या मोज्यांवर! "कालपासून तुमची खटखट नाही. मला वाटलं, गेलात!"

बाबांनी त्यांना हाताला धरून आत घेतलं. "वाद अर्धवट टाकून मरेन होय मी?"

दोघांनी एकाच वाडग्यातून बार्लीची पेज प्यायली. संध्याकाळी कागद आला. आला!!

तिसरा महिना, चौथा दिवस

लग्न झालं. माणसं पांगल्यावर ग्योन-उने माझा मुकुट उतरवला. जरा खाकरला. मग माझ्याशी पहिलं वाक्य बोलला — "एक सांगू? दोघंही चुकलेत. तो शब्द मूळचा मंगोलांचा!"

नवरीने डोळे मिटून बसायचं असतं. मी उघडलेच नाहीत.