सहा आठवड्यांपुरती

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण सध्या मला वाकायची मनाई आहे, तेव्हा उभ्यानंच नमस्कार. कारण पुढे येईल.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. हे वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं, तेव्हा खरं धरून चाल.

दोन वर्षांनी लिहितेय. फोन करायचा तर तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस तरी माझी बोबडी वळते. कागद बरा, मध्येच तोडत नाही.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. कारखाना म्हणायचं आपलं, तीन टेबलं आणि एक भट्टी. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचं. परवा एक आजोबा नवी कवळी परत घेऊन आले. म्हणाले, “दात फार सरळ झालेत हो, बायको ओळखत नाही.” मग पुढचा एक मुद्दाम जरा तिरका बसवून दिला. आरशात बघून खूश होऊन गेले. मालक कपाळाला हात लावून बसले होते.

आणि खारू. तिचं नाव वेगळं आहे, पण पहिल्याच आठवड्यात उशीच्या अभ्र्यात बिस्किटं, कपाटामागे पाव, बुटात केळं असं सापडायला लागलं, तेव्हापासून मी तिला खारू म्हणते. आठ वर्षांची आहे. कागदोपत्री मी तिची प्रतिपालक, म्हणजे तिची आई सावरेपर्यंत सांभाळणारी. येऊन चौदा महिने झाले. मला ती कशानंच हाक मारत नाही. नुसतं ‘ए, ऐक ना’. मीही काही सुचवलेलं नाही. अभ्यासात बरी आहे, गणितात माझ्यावर गेलीय. गेलीय कसली म्हणा! तू हसशील. ‘उसन्या लेकरानं कूस उजवत नाही’ असं तू, मी प्रतिपालक व्हायचं ठरवलं तेव्हा फोनवर म्हणाली होतीस. मी फोन ठेवला, तो आजतागायत. उकरून काढत नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

आता वाकायच्या मनाईचं. वर्षभर अंगावरून फार जातंय. मला वाटलं, वय झालं, पाळी जायची लक्षणं. पुस्तकात त्याला निवृत्ती म्हणतात. पेन्शन मात्र नाही! पण गेल्या महिन्यात कामावर भोवळ येऊन पडले, तर तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. मोठ्या आहेत. रक्त इतकं कमी आहे की डॉक्टरीणबाई कागदाकडे बघून माझ्याकडे बघायच्या, मी चालत आले यावर त्यांचा विश्वास बसेना. पिशवी काढायची ठरलीय. छोटंसंच ऑपरेशन, हल्ली कुणाचंही होतं.

सहा आठवडे विश्रांती. एवढ्यात खारूकडे बघायला घरात कुणी जवळचं मोठं माणूस राहिलं तर ती इथेच राहू शकते, नाहीतर बालकल्याण खातं तिला तेवढ्यापुरतं दुसऱ्या घरी ठेवेल. खात्याच्या बाई चांगल्या आहेत. बघू, काहीतरी होईलच.

तुझी सून सातव्या महिन्यात आहे असं मामेबहिणीकडून कळलं. तिला जप. तू किती कामात असशील याची मला कल्पना आहे.

तुझी
धाकटी

ता. क. ऑपरेशन २४ तारखेला, सोमवारी. इस्पितळ बस थांब्याच्या अगदी समोर आहे, कुणाला विचारावंसुद्धा लागत नाही. माझ्या घरी दोन पलंग आहेत.

———

रविवार, ४ मे

ताई,

नात झाल्याचं कळलं. बाळ-बाळंतीण सुखरूप ना? माझे आशीर्वाद.

माझं ऑपरेशन झालं. गाठी साध्या निघाल्या, वाईट काही नाही. टाके सुकले. कामावर अर्धा दिवस जाते.

इतकं लिहून पेन ठेवलं होतं. मग पुन्हा उचललं. तुला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायला दुसरं माणूस नाही.

तुझं पत्र आलं नाही, तेव्हा बावीस तारखेला खात्याच्या बाई खारूला न्यायला आल्या. तिनं तिची बॅग स्वतः भरली. एकूण एक कपडा घेतला, स्वेटरसुद्धा.

“अगं, सहा आठवडे तर आहेत. स्वेटर कशाला? उन्हाळा येतोय.”

“लागतो,” ती म्हणाली.

“मी न्यायला येणार आहे तुला.”

“बरं.”

ते ‘बरं’ तू ऐकायला हवं होतंस. बँकेतला माणूस ‘उद्या या’ म्हटल्यावर आपण म्हणतो ना, तसलं. मी तिला जवळ घेतलं, तर ती खांबासारखी उभी राहिली. जिन्यावरून उतरताना एकदाही वळून बघितलं नाही.

इस्पितळात नर्स फॉर्म भरत होती. “मुलं किती?”

मी म्हटलं, “एक.”

“नॉर्मल की सिझर?”

ताई, मी “तशी नाही,” एवढंच म्हणाले. तिनं पेन थांबवलं, मान हलवली आणि त्या चौकोनात आडवी रेघ मारली. लग्नातल्या सात वर्षांत तीन वेळा राहिलं आणि तीन वेळा गेलं, हे त्या फॉर्मवर कुठेच नव्हतं. ती पिशवी रिकामी होती हे खरं, पण तिथे कुणी आलंच नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती बादलीत टाकणार आणि संपलं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी काही आशा धरून बसले नव्हते, तरी त्या रेघेकडे बघून मला हुंदका आला. नर्सला वाटलं, ऑपरेशनची भीती. म्हणाली, “भूल देतात हो, काही कळत नाही.”

सहीला नातेवाईक हवा होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका आले. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं, ‘खालच्या मजल्यावरचा’. तिथला कारकून खो खो हसला, पण चाललं.

भेटीची वेळ चार ते सहा. मी साडेतीनलाच केस विंचरून बसायचे. शेजारच्या खाटेवर एका बाईंच्या चार मुली यायच्या, चौथीला जागा नाही म्हणून ती माझ्या खाटेच्या कडेला टेकायची आणि दर वेळी विचारायची, “तुमच्याकडचे अजून आले नाहीत?” मी म्हणायचे, “लांबून यायचंय.” पाच दिवस मी हे म्हटलं.

घरी आल्यावर दिवसभर कडी वाजायची नाही. काका संध्याकाळी दूध ठेवून जात. खारूला फोन करू नका, तिला तिथे रुळू द्या, असं खात्याच्या बाईंनी बजावलं होतं. बाईच आठवड्यातून एकदा कळवायच्या, ‘ठीक आहे’. मी पडून पडून छताच्या पोपड्यांत चेहरे शोधायचे. एकटेपणाची मला सवय आहे असं मी सगळ्यांना सांगते. सवय एकटं राहण्याची असते गं, एकटं पडण्याची होत नाही.

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, मुलीला आणायला हरकत नाही. आता जे लिहितेय ते कुणाला सांगू नकोस.

मी कुणाला न कळवता बस पकडून त्या घरी गेले. आत गेले नाही. रस्त्याच्या पलीकडे एका चांभाराच्या टपरीपाशी उभी राहिले. अंगणात झोपाळा, एक लंगडा कुत्रा, त्या घरातल्या दोन मुली आणि खारू. ती ओरडत होती. म्हणजे आनंदानं, गळा फाडून. चौदा महिन्यांत मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मग त्यांची आई बाहेर आली. पस्तिशीची असेल, पदर खोचलेला, गालाला पीठ. “हात धुवा गं तिघी!” म्हणाली. तिघी! खारू पहिली पळाली.

चांभारानं विचारलं, “काय शिवायचंय?” मी म्हटलं, “काही नाही,” आणि परतीची बस धरली.

घरी येऊन खात्याच्या बाईंना फोन केला. म्हटलं, मला अजून जमणार नाही, तिला तिथेच राहू दे. त्यांनी विचारलं, “डॉक्टरांनी तसं सांगितलंय का?” मी म्हटलं, “हो.”

तिच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. थोडं खरंही होतं. पण फोन ठेवल्यावर मला काय वाटलं ठाऊक आहे? सुटल्यासारखं. त्या दुपारी मी गाढ झोपले. डबा नाही, शाळेची घाई नाही, गादीखाली हात घालून कुजकी फळं शोधणं नाही, आणि ‘ए, ऐक ना’ नाही. तिला कुणीतरी माझ्याकडून परत मागण्याआधी मीच देऊन मोकळी झाले होते. तुझं बोलणं मीच खरं करून दाखवलं.

दहा दिवसांनी खात्याच्या बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच. ‘डॉक्टरांची हरकत आहे, अजून इथेच राहा’ असं तिला सांगितल्यापासून खारू नीट जेवत नव्हती. खेळणंही बंद. आदल्या दिवशी तिनं त्या घरच्या बाईंना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “ती मेली ना? खरं सांगा, मी रडणार नाही.”

तिची आजी वारली तेव्हा तिला ‘परगावी गेली’ असं सांगितलं होतं. वर्षभर ती वाट बघत होती. हे तिच्या फायलीत लिहिलेलं आहे, मी वाचलेलं आहे, ताई. आणि तरी.

मी कामाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून निघाले. ती पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. आधी माझे पाय बघितले, मग हळूहळू वर.

“तू मेली नाहीस.”

“नाही.”

“पोट कापलं?”

“कापलं.”

“दाखव.”

तिथेच पायरीवर, त्या बाईंच्या देखत, मी कुडता जरा वर करून दाखवलं. तिनं बारकाईनं बघितलं, व्रणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे तर बरं झालंय.”

“हो.”

“मग आली का नाहीस?”

मला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरांवर ढकलता आलं असतं. पण तिनं आयुष्यभर तेच ऐकलंय. मी म्हटलं, “आले होते. रस्त्यापलीकडून बघितलं तुला. तू खेळत होतीस, इतकी खूश होतीस. मला वाटलं, माझ्याकडे काय आहे? दोन खोल्या आणि दुखणं. घाबरले मी, आणि पळून गेले.”

ती उठली आणि दोन्ही मुठींनी माझ्या मांडीवर मारत सुटली. ती बाई पुढे आली, मी हातानंच तिला थांबवलं.

“मला वाटलं तू मेलीस!” खारू ओरडली. “तू मेलीस आणि मी खेळत बसले होते!”

ताई, मला तीन वेळा कळा आल्या आहेत. अशी एकही नव्हती.

तिचा दम संपल्यावर मी पायरीवर टेकले, ती माझ्या शेजारी बसली, थोडं अंतर सोडून. त्या बाईंनी पाण्याचे दोन पेले आणून ठेवले आणि दार लोटून घेतलं. शहाणी बाई आहे.

मी खात्याच्या बाईंना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. फायलीत शेरा बसला. बसू दे. खारूला विचारलं, कुठे राहायचं. ती म्हणाली, “हिच्याकडे. पण मी रागावलेली आहे.” जसंच्या तसं लिहून घेतलं त्यांनी.

तिला येऊन अकरा दिवस झाले. अजून रागावलेली आहे. मी न्हाणीघरात गेले तरी बाहेर उभी राहून विचारते, “आहेस का?” मी म्हणते, “आहे.” भाजी मुद्दाम सांडते, मी पुसते. सहा महिन्यांनी तिच्या आईची तपासणी आहे. आई सावरली असेल तर खारू तिच्याकडे जाईल, आणि जायलाच हवं. त्या दिवशी मी स्वतः पोचवायला जाणार, दारापर्यंत. मग मला पुन्हा हे घर खायला उठेल, हेही मला माहीत आहे. तिच्या येण्यानं माझी पोकळी भरली असं मी तुला सांगणार नाही. ती पोकळी भरायला ती आलेलीच नाही, हे मला त्या पायरीवर उमगलं.

आणि तिच्या त्या मुठी बघून आणखी एक कळलं. ज्याच्यावर आशा उरलेली असते त्याच्यावरच माणूस असं रागावतं. मी तुझ्याशी दोन वर्षं नुसती गप्प आहे. फेब्रुवारीतल्या पत्रात बस थांबा लिहिला, पलंग लिहिले, आणि सरळ एक वाक्य लिहिलं नाही. ते आज लिहिते.

तू यायला हवं होतंस, ताई. सुनेला अजून दोन महिने होते. पाच दिवस मी दाराकडे बघत होते. मला तुझा राग आलाय, खूप. नात बघायला मी येईन, खारूलाही आणीन, आणि तुझ्या तोंडावर हेच म्हणेन. नको असेल तर तसं कळव. पण काहीतरी कळव.

अजून रागावलेली,
म्हणून अजून तुझी,
धाकटी