एकतिसावा रकाना

४ नोव्हेंबर

पीएच.डी.च्या प्रबंधाचं चौथं प्रकरण संपलं! शंभर वर्षांपूर्वीच्या साथीच्या चार महिन्यांत इथल्या नर्सिंग शाळेच्या चोवीस विद्यार्थिनींपैकी एकही पळाली नाही — हे माझं म्हणणं. पुरावा बिनतोड: हजेरीपुस्तक. जून ते सप्टेंबर, सगळीकडे 'ह'. आजवर सगळ्यांनी एकमेकांचं वाचून लिहिलं की मुली घाबरून घरी पळाल्या. दफ्तर उघडायची तसदी कुणी घेतली नाही. मी घेतली — शाळेत सातवीला इतिहास शिकवून, दोन मुलांचे डबे भरून.

७ नोव्हेंबर

नवरा विचारतो, "डॉक्टर झालीस की तुला अहो म्हणायचं का?" म्हटलं, आत्तापासून सवय कर.

११ नोव्हेंबर

सरांनी प्रकरण वाचलं. कौतुक करताना आमचे मार्गदर्शक भलतेच हात राखून असतात. "चांगलं आहे," एवढंच. मग चष्मा पुसत, "चार महिने एकही गैरहजेरी नाही? साधी सर्दीसुद्धा नाही?"

"सर, त्या आपल्यासारख्या नव्हत्या," मी म्हटलं. हसले.

तीस तारखेला प्रबंध द्यायचाच आहे. दोनदा मुदत वाढवून झाली, आता चुकलं तर नोंदणीच रद्द. सहा वर्षं पाण्यात. असल्या शंका काढायची ही वेळ आहे का?

१२ नोव्हेंबर

ती सर्दी काही डोक्यातून जाईना.

१९ नोव्हेंबर

उद्या शाळेची तपासणी. शिक्षकांच्या खोलीत सगळे राहिलेली हजेरी भरत बसलो होतो. मीही. एका बैठकीत, एकाच पेनने महिनेच्या महिने. शेजारच्या बाई डोकावल्या. "अगं, सप्टेंबरला एकतीस तारीख कधीपासून आली?" हात नुसता चालत होता, छापील रकाना दिसला की 'ह'. सगळे हसले. मला नर्सिंग शाळेचं ते हजेरीपुस्तक आठवलं.

२१ नोव्हेंबर

रजा टाकून दफ्तरखान्यात. हजेरीपुस्तक पुन्हा उघडलं. जून आणि सप्टेंबर — दोन्हींच्या एकतिसाव्या रकान्यात चोवीस 'ह'. एकच हात, एकच शाई. नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंनी मागाहून बसून सगळं भरलेलं. वीस वर्षं मी हेच करते, आणि मलाच ओळखू आलं नाही! कारकून म्हणाले, "बाई, पाणी देऊ का?"

सरांना फोन केला. "एक तळटीप टाका आणि देऊन टाका. परीक्षक इतक्या खोलात जात नाहीत." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग त्या मुली होत्या कुठे? पळाल्या नसणार, याची मला आजही खात्री आहे. नगरपालिकेची मृत्युनोंदवही मी कधी पाहिलीच नाही. हजर असलेल्या माणसाला तिथे कोण शोधतं?

२७ नोव्हेंबर

अकरा सापडल्या. वयं अठरा ते बावीस. पहिली ९ जून रोजी वारली, आणि हजेरीपुस्तकात सप्टेंबर संपेपर्यंत रोज हजर आहे.

सरांना कळवलं, तीस तारखेला प्रबंध देत नाही. नव्याने नोंदणी करीन. आधी या अकरा जणींची गैरहजेरी लावायची आहे.