खलनायक कोण, हे मामंजींनी सांगितलं

आटपाडी

आदरणीय सृष्टीवन्सं,

पाया पडते. तुमचा खोकला थांबला का? इकडं मामंजी, मी आणि साठ मेंढरं खुशाल आहोत. तुम्ही सांगलीहून पाठवलेल्या कादंबरीचे उपकार मला फेडता येणार नाहीत. काय काय घडलं तेवढं सांगते.

लग्नामुळं सुटलेलं बी.ए. आठ वर्षांनी पुन्हा धरलं, फॉर्मही तुम्हीच भरलात, आणि तोंडी परीक्षेला नेमकी इंग्रजी कादंबरी आली. दुष्काळी राज्यातली बारा पोरं राजासमोर जिवावरचे खेळ खेळतात. जो जगेल त्याच्या गावाला नदीचं पाणी. त्यावर कथानक, संघर्ष, प्रतीकं असं सगळं विचारणार होते. (उत्तरं मराठीत चालणार होती, देव पावला.) पाठ काही होईना, म्हणून रानात मामंजींना रोज थोडी थोडी सांगायला लागले. (तुमचेच वडील ते, गोष्ट सुरू झाली की भाकरीची आठवण राहत नाही.) सेरीन नावाची पोरगी लांडग्यांच्या खिंडीत उतरली, तेव्हा ते इतके गुंगले की मेंढरं शेजारच्या नानासोंच्या मक्यात शिरली. नानासो काठी घेऊन तणतणत आले, गोष्ट ऐकून काठी खाली टेकवली आणि म्हणाले, "ती पोरगी वाचती का मरती, तेवढं आदी सांग. भांडाण मग करू." दुसऱ्या दिवसापासून तेही यायला लागले. (मका गेला तो गेलाच.)

परीक्षेत सरांनी विचारलं, "यातला खलनायक कोण?" गाइडमधलं उत्तर काही केल्या आठवेना. वाटलं, तुमची सगळी धडपड पाण्यात गेली. मग मामंजी बांधावर बसून चिडून बोलले होते, तेच तोंडातून निघालं, "ती पोरं एकमेकाची वैरी न्हाईत. नदी कुलपात घालून पोरास्नी झुंजवतोय, त्यो वैरी."

सरांनी चष्मा काढला. "गाइड कोणतं वापरलंत?"

"घरचंच, सर. मेंढरं राखतात."

विसापैकी अठरा मिळाले. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, "दोन कुटं गेलं?" आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

वन्सं, तुमच्यामुळं मी पुन्हा शिकणारी बाई झाले. हे जन्मभर लक्षात ठेवीन.

तुमची भावजय,
अपेक्षा

ता.क. मामंजी एकटे असले की त्या इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत बसतात. त्यांना वाचायला शिकायचं असावं. मोठ्या अक्षरांची अंकलिपी पाठवाल का? कुणाला बोलू नका, लाजतील.

ता.क. २ हे पत्र त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं. म्हणतात, "अंकलिपी नगं. मला वाचाया आलं की तू सांगायची बंद हुशील. दुसरा भाग धाड म्हणावं."