कंबर मोकळी झाली, बाई

बाई, आज सकाळी मी पाडव्याच्या स्वागतयात्रेत लेझीम खेळले. आपल्या डोंबिवलीत, आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी आल्या आल्या पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मागच्या गणपतीत मला आरती संपेपर्यंत उभंही राहवत नव्हतं.

ठाण्याच्या एका ऑफिसात मी टॅक्सचं काम बघते. सकाळी खुर्चीत बसले की डबाही तिथेच. उठताना टेबल धरावं लागायचं, चप्पल घालायची तर नवऱ्याला हाक. पट्टा झाला, उशी झाली, नवी खुर्ची झाली. नोकरी सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेव्हा एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची. तिने नीट तपासलं आणि म्हणाली, "काकू, घाबरण्यासारखं काही नाही. बसून बसून आखडलंय सगळं. दिवसात उठता कितीदा?"

"काम पडलं की."

"मग पाण्याची बाटली लांब ठेवा. फोन आला की चालत बोला. बाकीचं हळूहळू करू. लहानपणी काय खेळायचात?"

"लेझीम," मी म्हटलं, आणि एकदम तुम्ही समोर.

मैदानावर तुम्ही शिट्टी घेऊन उभ्या आहात. मी अवघडून वाकते आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता, "अगं, कंबरेत लाकूड घातलंय का? गुडघे सैल सोड." मला रडू येतं. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेता, पदर खोचता आणि रिकाम्या मैदानात माझ्या शेजारी उभं राहून स्वतः खेळता. थोड्या वेळाने माझी कंबर तुमच्या तालात वळायला लागते.

या वेळी मात्र तेवढ्यात नाही जमलं. आधी चालणं, मग चटईवरचे व्यायाम. मध्ये पुन्हा कळ आली तेव्हा मी सगळं सोडून झोपून राहिले. "कमी करा, पण थांबू नका," ती पोरगी म्हणाली. थंडीत सोसायटीतल्या बायकांच्या पथकात गेले, सगळ्यात मागच्या रांगेत. आणि आज ढोल वाजला, मी खाली वाकले, वर आले, पुन्हा वाकले. काही न धरता, बाई. नवरा कडेकडेने धावत व्हिडिओ काढत होता. निम्म्या व्हिडिओत त्याचं बोटच आहे.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. चौकातल्या फेरीत मी पावलं साफ विसरले आणि पुढच्या मुलीकडे बघून खेळले. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असतं.